तोंडपाठ आजी

"आधुनिक समाजाच्या विकासाबरोबर आलं आपल्या दैनंदिन जीवनात अधिकाधिक महत्त्वाची भूमिका बजावत आहे…"

उमरखेडच्या आठवडी बाजारात, मथुराबाईच्या भाजीसमोर ताठ उभं राहून एक उंच, चष्मेवाला, परदेशी पोरगा हे वाक्य बोलला, आणि तेही इंग्रजीत. हात दोन्ही बाजूंना चिकटलेले, नजर सरळ, जणू झेंडावंदन चालू आहे. बाजूचा कांदेवाला तर बिचारा उठून उभाच राहिला.

मथुराबाईनं तराजू खाली ठेवला.

"काय वं साधना, हा मंत्र म्हणून राह्यला का शिव्या देऊन राह्यला?"

साधना तिथंच वांगी निवडत होती. मथुराबाई तिची भिंतीला भिंत लागून शेजारीण, आणि साधना गावातली इंग्रजीची मास्तरीण. तिनं ओढणीआड हसू दाबलं.

"अद्रक पाह्यजे त्याले, मावशी."

"मंग अद्रक म्हनाव ना बाप्पा! एवढं भाषण कायले?"

पोरानं साधनाकडे वळून पाहिलं. रानात वाट चुकलेल्याला दिवा दिसावा तसं.

"तुम्ही… इंग्रजी?"

"शिकवते."

"मी… शिकतो." तो थांबला. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मोठा विद्यार्थी. वाईट विद्यार्थी."

आणि तो हसला. हसला की त्याचे कान हलायचे. साधनानं वांगी घेतली, पैसे दिले, घरी आली, आणि भाजी चिरायला बसल्यावर तिच्या लक्षात आलं की पिशवीत वांग्यांऐवजी दोन किलो कारली आहेत.

पोराचं नाव गुओ वेनहाव. गाव ताइचुंग, देश तैवान, बोली चिनी. धरमसिंग शेठच्या जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, नवं यंत्र आलं होतं. कापसात चुकून आलेले केस, सुतळ्या, गुटख्याच्या पुड्या कॅमेऱ्यानं हेरून फुंकरीनं उडवणारं. यंत्र पेटीतून आलं आणि त्याच्या मागोमाग ते बसवणारा वेनहाव. गावानं दोन दिवसांत त्याचा वेणूभाऊ करून टाकला. कंपनी नागपूरला कचेरी काढणार होती. जो इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, लेखन, बोलणं, तिन्हीत पास होईल, त्याची नेमणूक तिथं. नापास झाला की विमानात बसायचं आणि घरी जायचं.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी वेणूभाऊ साधनाच्या घराच्या पुढच्या खोलीत, दहावीच्या पोट्ट्यांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून बसला होता. त्या दोघांचं बोलणं इंग्रजीतच चाले. आपण ते आपल्या भाषेत ऐकू.

"तुमच्या नावाचा अर्थ काय?" साधनानं विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "थोर लेखक."

"बापरे."

"आई-वडिलांनी फार घाई केली," तो म्हणाला.

व्याकरणाचे नियम त्याला साधनापेक्षा जास्त पाठ होते. पण बोलायला लागला की काल तो 'जातो' आणि उद्याही 'जातो'.

"आमच्या भाषेत क्रियापद बदलत नाही," तो समजावून सांगे. "'काल' म्हटलं की सगळ्यांना कळतं. पुन्हा पुन्हा कशाला सांगायचं?"

"आमच्याकडे तर खुर्चीसुद्धा बाई असते."

"आणि टेबल?"

"टेबल… ना बाई ना बुवा."

वेणूभाऊनं बराच वेळ खुर्चीकडे पाहिलं. "अरेरे. बिचारी खुर्ची."

साधना इतकी हसली की आतून विमलताईंनी, म्हणजे तिच्या आईनं, विचारलं, "काहून वं, काय झालं?"

"व्याकरण, आई!"

"आमच्या वेळेले नवतं बाप्पा असं व्याकरण," विमलताई म्हणाल्या आणि दार जरा जास्तच उघडं ठेवून गेल्या.

निबंध मात्र त्याच्याकडे तयार होते. पाणी म्हणा, मैत्री म्हणा, प्रदूषण म्हणा. पहिलं वाक्य म्हणा, तो शेवटापर्यंत पोचवायचा. शाळेत सगळ्यांनी असेच पाठ केलेले, तो म्हणाला. परीक्षेत फक्त विषयाचा शब्द बदलायचा. म्हणून तर त्या दिवशी बाजारात तंत्रज्ञानाच्या जागी आलं घातलं होतं.

साधनाचा चेहरा गंभीर झाला.

"माझ्या वर्गात पाठ केलेलं चालत नाही. एक ओळ लिहा, मोडकी लिहा, पण तुमची लिहा."

हा नियम उगाच आलेला नव्हता. मागल्या वर्षी पुसदहून एक मुलगा तिला पाहायला आला होता. चहाचा कप फुंकत फुंकत म्हणाला, "तुमच्या हसण्यात मला शरदाचं चांदणं दिसतं." साधना चार दिवस आरशासमोर चांदणं शोधत होती. पाचव्या दिवशी तिची मैत्रीण रुपाली धावत आली. तिलाही एक मुलगा पाहून गेला होता, तिच्याही हसण्यात शरदाचं चांदणं होतं, आणि मुलगा पुसदचाच, तोच, कपही तसाच फुंकलेला. साधनानं नकार कळवला. तेव्हापासून कुणी गोड बोललं की ती आधी त्याच्या तोंडाकडे पाही… हे आत्ता सुचलंय, की घरून पाठ करून आणलंय?

जानेवारीत धरमसिंग शेठनं तिच्या वर्गाला यंत्र पाहायला बोलावलं. पोट्टे कापसाच्या ढिगावर उड्या मारायला पळाले. जिनमध्ये कापूस असा उडत होता की आत कावळा शिरला तर बाहेर बगळा होऊन निघावा. वेणूभाऊ यंत्र दाखवता दाखवता थांबला. त्याचा हात वर आला… आणि तिच्या कानापासून वीतभर लांब, हवेतच राहिला.

"तुमच्या केसांत… कापूस."

"इथं सगळ्यांच्याच केसांत कापूस आहे."

"हो." तो गोंधळला. "पण मी सगळ्यांच्या केसांकडे पाहत नाही."

यंत्राची धडधड चालू होती म्हणून बरं. नाहीतर आणखी एक धडधड सगळ्यांना ऐकू गेली असती. साधनानं मान किंचित खाली केली, अगदी किंचित, आणि त्यानं दोन बोटांनी तो पुंजका उचलला, जणू झोपलेलं फुलपाखरू.

"कितव्या पानावरचं?" तिनं विचारलं.

"काय?"

"हे वाक्य. कुठल्या निबंधातलं?"

त्याला प्रश्न कळलाच नाही. आणि तिला वाटलं, कळला नाही तेच बरं. पण रात्रभर ते कुसळासारखं टोचत राहिलं. हा माणूस तिला आवडला होता. त्यात आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. विमलताईंनासुद्धा कळलं होतं, त्या वेणूभाऊच्या चहात वेलची घालायला लागल्या होत्या. प्रश्न एकच होता. याच्या तोंडून येतं त्यातलं याचं स्वतःचं किती?

परीक्षा जवळ आली तशी तिनं विषय दिला : माझं सर्वात जवळचं माणूस.

वेणूभाऊ कागदाकडे बघत बसला. पेन चावलं. तिच्याकडे पाहिलं. पुन्हा पेन चावलं. मग एकदम खाली मान घालून भराभरा लिहिलं, कागद टेबलावर ठेवला आणि कामाची पाळी आहे असं सांगून जिनकडे पळाला.

साधनानं कागद उचलला. 'गेल्या सोमवारी माझी आजी वारली,' पहिलंच वाक्य. पुढं लिहिलं होतं, लहानपणी तो तापानं फणफणला असताना तिनं त्याला पाठीवर घेऊन भर पावसात दवाखाना गाठला, छत्री सगळी त्याच्यावर धरली आणि स्वतः चिंब भिजली. तेव्हापासून तिला खोकला लागला. शेवटच्या दिवशी तिनं हात धरून सांगितलं, 'नीट अभ्यास कर.' आणि हात गार पडला.

गेल्या सोमवारी! आणि हा माणूस सोमवारपासून रोज वर्गाला येत होता, खुर्चीची थट्टा करत होता! साधनाच्या डोळ्यांना धार लागली. तैवानातल्या आजीचा हात यानं उमरखेडात बसून कसा धरला, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"काय झालं वं?" विमलताई धावत आल्या.

"आई, वेणूभाऊची आजी गेली. आन् त्यानं कोनाले सांगतलं बी नाई."

भिंतीपलीकडे मथुराबाई मिरच्या निवडत होती. मिरच्या तिथंच राहिल्या.

आता मथुराबाई म्हणजे काय चीज, ते सांगायला हवं. तिनं उमरखेडात हंबरडा फोडला की पैनगंगेपलीकडे मराठवाड्यातली माणसं टोपी काढून उभी राहतात, कोण गेलं ते मागाहून विचारतात. आणि परमुलखातलं लेकरू, सुतकात, एकटं, उपाशी? तिनं पदर खोचला. ज्या घरी माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही. सोयरे-शेजारी भाकरी घेऊन जातात आणि दुःखी माणसाला पहिला घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. तासाभरात अर्ध्या गल्लीनं बेसन-भाकरीचे डबे बांधले.

वेणूभाऊ जिनच्या आवारातल्या खोलीत राही. तो दार उघडून बाहेर येतो तर समोर पोत्यांवर वीस-पंचवीस माणसं, माना खाली, गप्प. धरमसिंग शेठनं यंत्र बंद करायला लावलेलं. वेणूभाऊ आनंदला. त्याला वाटलं, इथला काही सण असावा. त्यानं आतून खुर्च्या आणल्या. कुणी बसेना. सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि भरघोस हसला.

"पाय बाप्पा," मथुराबाई शेजारणीच्या कानात म्हणाली, "दुःखानं डोकं फिरलं लेकराचं."

आणि तिनं सूर लावला. तिकडं सूर, इकडं घास. "खाय बाप्पा, खाय माह्या सोन्या…" वेणूभाऊनं खाल्लं. दुसरा घास मागितला. तीन भाकरी संपवल्या, बोटं चाटली, आणि ठेच्यासाठी हात पुढं केला. सुतकातला माणूस ठेचा मागतो हे उमरखेडनं पहिल्यांदा पाहिलं. दोन बाया तर त्या धीरानंच रडायला लागल्या.

तेवढ्यात साधना आणि विमलताई डबा घेऊन पोचल्या. साधनाचे डोळे सुजलेले होते. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"मला… फार वाईट वाटलं," ती कशीबशी म्हणाली.

"का?" त्यानं काळजीनं विचारलं. "तुम्हाला काय झालं?"

आणि त्याचा फोन वाजला. त्यानं पडदा समोर धरला. पडद्यावर कुरळ्या पांढऱ्या केसांची एक ठणठणीत म्हातारी, तोंडात पेरूची फोड, चिनीत जोरजोरात रागावत होती.

"हे कोन व्हय?" धरमसिंग शेठनं खुणेनं विचारलं.

वेणूभाऊनं अभिमानानं फोन सगळ्यांसमोर फिरवला. "माझी आजी!"

मथुराबाईचा हात छातीपर्यंत येऊन मधेच थांबला. हंबरडा तोंडात होता, तो तिनं गिळला. कुठं तरी डब्याचं झाकण पडलं आणि गडगडत लांबवर गेलं.

"जिती हाय?" मथुराबाईनं पुढं होऊन पडद्याला बोट लावून पाहिलं. म्हातारीनं पेरू चावला. "जिती हाय वं माय!"

एकदम गलका उठला. पण मथुराबाई बाजार कोळून प्यालेली बाई, ती थोडीच खाली पाहणार?

"कायले गोंधळ करता?" ती गरजली. "डोक्यावर कावळा बसला त आपन मरनाची खोटी खबर धाडतो का नाई? सोयऱ्यायनं रडलं की संकट टळते, माणसाचं आयुष्य वाढते. आज आपन एवढं रडलो, बुढी आता शंभरी पार करते! काढा रे डबे, जेवा समदे!"

आणि माणसं जेवायला बसली. हसू, आरडाओरडा, ठेच्यावर ठेचा. शेठनं यंत्र पुन्हा चालू करायला सांगितलं.

फक्त साधना बसली नाही.

"तो निबंध?" तिनं विचारलं.

वेणूभाऊला आता कुठं सगळं उमगलं. चेहरा कापसासारखा झाला. "तो… पाठ होता. शाळेतला. आमच्याकडे आजी मेली की… गुण जास्त मिळतात."

साधनानं हातातला डबा खाली ठेवला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो वर्गाच्या दारात आला. ती फळा पुसत होती, पुसलेलाच फळा.

"काल मी खरं रडले," ती पाठमोरीच म्हणाली. "नसलेल्या पावसासाठी, नसलेल्या छत्रीसाठी. आता सांगा, माझ्या केसांकडे पाहता म्हणालात, ते कोणत्या शाळेतलं? त्याला गुण किती असतात?"

या प्रश्नाचं तयार उत्तर कुठल्याच निबंधात नव्हतं. तो आल्या पावली परत गेला.

पुढच्या दिवसांत साधनाला बातम्या येत राहिल्या, कारण विमलताईंनी त्या रोज ताटासोबत वाढल्या. वेणूभाऊ घरोघर जातो म्हणे. ज्यांनी ज्यांनी डबा आणला त्यांच्या प्रत्येकाच्या दारी. मोडकं इंग्रजी, मोडकी मराठी, जे हाताला लागेल ते घेऊन माफी मागतो. शेठला म्हणाला, तुमचं यंत्र माझ्या लबाडीपायी थांबलं. गल्लीतल्या एका टोपीवाल्या म्हाताऱ्याला म्हणाला, तुमचे गुडघे दुखत असताना तुम्ही माझ्यासाठी पोत्यावर बसलात.

"आन् मथुराबाईले काय म्हणे, माहीत हाय?" विमलताईंनी भाकरी वाढली. "म्हणे, मावशी, तुमी भल्ल्या रडता. माह्या खऱ्या आजीसाठी बी कोनी असं रडलं पाह्यजे… पण लय वर्सानं."

साधनाच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिनं तो भाकरीनं झाकला.

"प्रत्येकाले येगळं बोलला वं," विमलताई सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या. "एकाले सांगतलं ते दुसऱ्याले नाई. मी इचारून आली समद्यायले."

परीक्षा नागपूरला झाली. तो परत आला त्या दुपारी वर्ग रिकामा होता. साधना एकटी बाकं पुसत बसली होती. तो दारात उभा राहिला, चपला हातात.

"कसा गेला पेपर?" तिनं विचारलं. मास्तरीण म्हणून विचारायलाच हवं होतं.

"निबंधाचा विषय होता, तुमचं गाव. मला पाठ होता. पूर्ण." त्यानं श्वास घेतला. "नाही लिहिला. मी उमरखेड लिहिलं. जिवंत बाईसाठी जेवण घेऊन आलेली माणसं. वेळ संपला. शेवट राहिला."

"नापास झालात तर?"

"तर… माहीत नाही." तो एक पाऊल आत आला. "पण आधी एक. त्या दिवशी तुम्ही विषय दिला. सर्वात जवळचं माणूस. मी विचार केला. एकच माणूस आलं. ते समोर बसलं होतं, वह्या तपासत. ते… मी लिहू शकत नव्हतो. वाचणारी तीच. घाबरलो. म्हणून आजीला मारलं."

साधनाच्या हातातलं फडकं केव्हाच थांबलं होतं.

"अजून," तो म्हणाला. आता सुटलाच होता. "तुमच्या घरचा चहा फार गोड असतो. मी छान म्हणत आलो, खोटं. तुम्ही रागावता तेव्हा नाक फुगतं, आणि मथुराबाईसारखं दिसतं. तुम्ही वर्गाआधी गाता तेव्हा सूर… दुसरीकडे असतो. तरी मी दाराबाहेर गाणं संपेपर्यंत थांबतो. रोज."

"हे कौतुक चाललंय का?"

"आणि शेठचं यंत्र… महिन्याभरापूर्वीच पूर्ण बसलंय. मी कंपनीला रोज कळवतो, अजून बसलं नाही."

"काय?" साधना ताडकन उभी राहिली. नाक फुगलं. "म्हणजे तेही खोटं!"

"हो," वेणूभाऊ ठामपणे म्हणाला. "पण ते पाठ केलेलं नव्हतं. ते मी स्वतः रचलं."

साधनानं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लालभडक झाले होते आणि तो परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्या पोट्ट्यासारखा उभा होता. हसू तिच्या पोटातून निघालं आणि असं फुटलं की छपरावरची चिमणी उडाली. नाक फुगतं! मथुराबाईसारखं! कोणत्या पुस्तकात असणार होतं असं?

नेमका तेव्हाच त्याचा फोन वाजला. त्यानं पडदा पाहिला आणि लाजला.

"आजी. तिला सांगितलंय सगळं. ती रोज विचारते, मास्तरीण बोलली का."

"आण इकडे," साधना म्हणाली. ती त्याला 'तू' म्हणाली, हे त्याला इंग्रजीतून कळणं शक्यच नव्हतं. पण कळलं.

दोघं एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून बसले. पडद्यावर म्हातारी आली. पेरू नव्हता आज. तिनं साधनाला नीट, बराच वेळ न्याहाळलं. मग हळूहळू काहीतरी बोलली.

"काय म्हणाल्या?"

वेणूभाऊ अडखळला. "म्हणाली… हा शाळेपासून मला मारतो आहे. प्रत्येक परीक्षेला. कधी पावसात, कधी दवाखान्यात. मास्तरांनी गुण दिले. पण…" त्यानं चष्मा पुसला. "पण रडलं कुणी नाही. म्हणाली, माझ्यासाठी रडलेली ही पहिली मुलगी."

म्हातारीनं पडद्यापलीकडून मान हलवली, जणू भाषांतर बरोबर आहे अशी.

साधनानं डोळे पुसले. मग तिनं त्याच्या हातातून फोन घेतला, आणि इंग्रजी बाजूला ठेवून, थेट म्हातारीच्या डोळ्यांत पाहत म्हणाली,

"आजी, तुमी आता घोर नका करू. यापुढं याच्या हातून तुमी मरत नाई. मी हाय न इथं."

"तू काय म्हणालीस?" वेणूभाऊनं विचारलं.

"भाषांतर कर."

"पण मला सगळं कळलं नाही…"

"जेवढं कळलं तेवढं कर."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग आजीकडे वळून, थांबत, चाचपडत, तीनच शब्द बोलला : 'ती आहे इथं.' तिकडं समुद्रापार म्हातारीनं दोन्ही हात वर केले आणि अशी आरोळी ठोकली की भिंतीपलीकडून मथुराबाई ओरडली,

"आता कोन मेलं वं?"

"कोनी नाई, मावशी!" साधनानं आवाज दिला. तिचा हात वेणूभाऊच्या हातात होता, आणि तो सोडवून घ्यायची तिला काहीएक घाई नव्हती. "या इकडं! आन् बिनसाखरेचा चहा ठेवाले सांगा आईले!"